विसावलेली टकीला कशी पारखावी

मंडळी, तुमच्यापुढे दोन ग्लास आहेत. डावीकडे पाण्यासारखी स्वच्छ ब्लांको, म्हणजे लाकडात न मुरवलेली टकीला, उजवीकडे फिक्या सोनेरी रंगाची रेपोसादो. दोन्ही एकाच कारखान्यातल्या. लगेच हात लावू नका. ओतल्या ओतल्या नाक जवळ नेलं तर अल्कोहोलचा भपकारा बसतो आणि पुढची पाच मिनिटं नाकाला दुसरं काही कळत नाही. दहा मिनिटं ग्लास तसेच राहू देत. तोवर काय पारखायचं आहे ते सांगतो.

रेपोसादो म्हणजे विसावलेली. मेक्सिकोच्या नियमानुसार ही टकीला ओकच्या लाकडात कमीत कमी २ महिने राहिलेली असावी लागते. ६०० लिटरपर्यंतच्या पिपात वर्ष काढलं तर तिला आन्येहो, म्हणजे जुनी मुरलेली, म्हणता येतं. रेपोसादोच्या पिपाला मात्र आकाराची मर्यादाच नाही, आणि खरी गोम इथे आहे. कुणी ती बर्बन ही अमेरिकन व्हिस्की मुरवून रिकाम्या झालेल्या, साधारण २०० लिटरच्या अमेरिकन पिपात ठेवतो, तर कुणी पिपोन म्हणतात त्या हजारो लिटरच्या लाकडी टाकीत. लहान पिपात दर लिटरमागे लाकडाचा स्पर्श जास्त, त्यामुळे तीन महिन्यांतच व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास उतरतो. मोठ्या टाकीत दहा महिने राहूनही टकीला फिकी, मवाळ राहते. म्हणून लेबलवरच्या महिन्यांवरून चवीचा अंदाज बांधू नका.

लाकडात जाण्याआधी ही आगावेची दारू असते. आगावे आपल्या दख्खनच्या माळावर बांधाला लावतात त्या घायपाताच्याच कुळातला. टकीलासाठी निळ्या वेबर जातीचाच आगावे चालतो, आणि तोही हालिस्को हे अख्खं राज्य आणि इतर चार राज्यांतल्या ठरावीक भागांतलाच. तो पिकायला सहा-सात वर्षं लागतात. हिमादोर, म्हणजे आगावे तोडणारा कामगार, कोआ नावाच्या लांब दांड्याच्या धारदार अवजाराने पानं छाटतो आणि आतला गड्डा, म्हणजे पिन्या, काढतो. विटांच्या भट्टीत हे गड्डे दीड ते तीन दिवस वाफेवर शिजतात, ऑटोक्लेव्ह म्हणतात त्या दाबाच्या बंद भांड्यात काही तासांत. शिजलेल्या आगावेचा वास ओळखायला तुम्हाला मेक्सिकोला जायची गरज नाही. निखाऱ्यात भाजलेलं रताळं काकवीत बुडवा, त्याच्या अगदी जवळचा वास आहे. रेपोसादोत मी सर्वांत आधी हाच वास शोधतो. लाकूड कितीही गोड बोललं तरी त्याच्या मागून हे रताळं आणि काकवी ऐकू आलीच पाहिजेत. नाही आली, तर ती टकीला मुरलेली नसून झाकलेली आहे.

आता बाटली बघा. लेबलवर '१०० टक्के आगावे' असं लिहिलेलं हवं. ते नसेल तर ती आंबवताना वापरलेली ४९ टक्क्यांपर्यंत साखर दुसरीकडची, बहुधा उसाची, असू शकते. तिथेच नॉम (NOM, म्हणजे मेक्सिकोचं अधिकृत मानक) हा शब्द आणि त्यापुढे चार आकडी क्रमांक असतो. तो कारखान्याचा. एकाच क्रमांकाखाली अनेक ब्रँड निघतात, त्यामुळे नाव वेगळं म्हणजे कारखाना वेगळा असं धरून चालू नका.

तयारीबद्दल थोडं. ग्लास वर निमुळता होणारा असावा, म्हणजे वास एकवटतो. लहानशा शॉटग्लासमध्ये वासाला जागाच मिळत नाही. २५ ते ३० मिलि पुरे. तापमान २० अंशांच्या आसपास. उन्हाळ्यात आपल्या घरात पारा ३५ वर असतो आणि अल्कोहोल नाकात नुसतं टोचतं. तेव्हा बाटली दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फ घालू नका. थंडीने वास दबतो आणि दोषही लपतात. मीठ-लिंबूही नको, त्याने जिभेवर दुसरं काही उरत नाही. तासभर आधी पान, चहा, फरसाण काही खाऊ-पिऊ नये. मध्ये तोंड साफ करायला साधं पाणी आणि पावाचा कोरडा तुकडा. चारपेक्षा जास्त नमुने असतील तर घोट थुंकायला भांडं ठेवा. पाचव्या नमुन्याला जीभ आणि डोकं दोन्ही खोटं बोलू लागतात.

आता ग्लास तिरपा करून पांढऱ्या कागदावर धरा. रंग वाळल्या गवतापासून पातळ मधापर्यंत कुठलाही चालेल. जेमतेम दोन-तीन महिने ठेवलेली टकीला गर्द तांबूस दिसली तर एक तर पीप आतून जोरात जाळलेलं आहे, नाहीतर कॅरमेलचा रंग घातलेला आहे. हे बेकायदा नाही. कॅरमेल, ओकचा अर्क, ग्लिसरीन आणि साखरेचा पाक ही चार द्रव्यं वजनाच्या १ टक्क्यापर्यंत लेबलवर न सांगता घालायला मुभा आहे. ग्राहकाने हे माहीत ठेवूनच ग्लास हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

वास घेताना तोंड किंचित उघडं ठेवा, टोचणं निम्म्यावर येतं. ग्लास हनुवटीपाशी धरून सावकाश वर आणा. आधी डावीकडचा, ब्लांकोचा. कच्ची कैरी, लिंबाची साल, पांढरी मिरी, ओला ऊस. आता उजवीकडचा. मिरी गोलाईला आली आहे, वर दालचिनी आणि ओलं खोबरं आलं आहे, पण काकवी तिथेच आहे. हीच चांगली रेपोसादो. आणखी एकदा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. लाकडाने काय दिलं आणि काय नेलं हे या येण्या-जाण्यातच कळतं, एकटी रेपोसादो हुंगून नाही.

पहिला घोट फक्त तोंड सरावण्यासाठी, त्यावर मत देऊ नका. दुसरा घोट चमचाभर, जिभेवर सर्वदूर फिरवा, दहा सेकंद धरा, गिळा आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. चवीचा मोठा भाग या उच्छ्वासात असतो. मग घड्याळ बघा. आगावे जिभेच्या मागच्या भागावर किती वेळ रेंगाळतो? अर्धा मिनिट टिकला तर उत्तम.

दोष बहुतेक ठरलेले असतात आणि प्रत्येकामागे कारण असतं. नेलपॉलिशचा वास आला तर ऊर्ध्वपातनाच्या सुरुवातीचा भाग पुरेसा बाजूला काढलेला नाही. भिजल्या गोणपाटाचा वास आला तर शेवटचा भाग जास्त घेतला आहे. सडक्या अंड्यासारखा वास गंधकाचा. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात तांबं असलं की तो बऱ्याच अंशी शोषला जातो. कोवळ्या हिरव्या पात्यांसारखा कडवटपणा पिन्याच्या मधला कोंब न काढल्याने किंवा पानांचे बुडखे जास्त ठेवल्याने येतो. उकळून काळ्या केलेल्या चहासारखं जिभेला तुरट लागलं तर दोष लाकडाचा. पीप फार नवं होतं किंवा टकीला त्यात गरजेपेक्षा जास्त राहिली.

घातलेल्या गोडीबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण ती दोष वाटतच नाही, आवडते. ऊर्ध्वपातन झालेल्या दारूत साखर उरत नाही. लाकूड गोडव्याचा भास देतं, पण जिभेचं टोक चिकट करत नाही. टोकाला आइस्क्रीमच्या एसेन्ससारखी व्हॅनिला आणि मागे काहीच नाही, शेवट अचानक तुटलेला, असं झालं तर शंका घ्या. तळहातावर चार थेंब घासून बघा. अल्कोहोल उडाल्यावर हात कोरडा व्हायला हवा. बोटं चिकटली तर ती बरीचशी साखर किंवा ग्लिसरीन. एवढ्यावर निकाल देऊ नका, पण वहीत नोंद करा.

घरी दोन बाटल्यांची तुलना करायची असेल तर त्या वर्तमानपत्रात गुंडाळून दुसऱ्याला ओतायला सांगा. तीन ग्लासांपैकी दोघांत एकच टकीला, तिसऱ्यात दुसरी. आधी वेगळा ग्लास ओळखून दाखवा, मग कुठली बरी ते बोला. वेगळा ओळखताच येत नसेल तर किमतीतला फरक बाटलीच्या काचेसाठी मोजला, असं समजा.

आता ग्लास संपवा, पण धुऊ नका. अर्ध्या तासाने रिकाम्या ग्लासाचा वास घ्या. उजवीकडच्यात सुकलेली काकवी आणि कोरडं लाकूड दोन्ही राहिलेली असतील. ज्या ग्लासात नुसता व्हॅनिला राहील, त्या बाटलीचा क्रमांक लिहून घ्या.