उभी गाडी तापते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांना टेकला की गॅरेजमध्ये एक तक्रार हटकून येते. "भाऊ, गाडी पळते तोवर काही नाही, पण फाटकाला उभी राहिली की तापमानाचा काटा चढतो." आज मी एवढ्या एकाच तक्रारीवर बोलणार आहे. कारण या दुखण्यापायी लोक आधी रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं पाणी गार करणारी जाळी, बदलतात, मग थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून टाकतात, आणि हजारो रुपये घालूनही गाडी तापायची थांबत नाही.

ही तक्रार नीट ऐका, निम्मं निदान तिच्यातच आहे. गाडी 60-70 च्या वेगाने चालते तेव्हा समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. उभ्या गाडीला तो वारा नाही, तिथे सगळी भिस्त पंख्यावर. चहा बशीत ओतला तरी फुंकर मारावीच लागते, तसंच हे. म्हणजे पळताना थंड आणि उभ्याने गरम असेल, तर पहिला संशय पाण्यावर नाही, हवेवर घ्यायचा.

आपल्याकडे ही अडचण जास्त का, तेही सांगतो. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो ते आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आतलं पाणी 95 अंश धरा. डिसेंबरात सकाळी बाहेर 15 असेल तर फरक 80 चा. मे महिन्यात दुपारी तोच फरक 50 वर येतो. थंडीत जो अशक्त पंखा निभावून नेतो, तो उन्हाळ्यात उघडा पडतो.

आता तपासणी. इंजिन सुरू करा, एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा फिरायलाच हवा. हात आणि गळ्यातला रुमाल लांब ठेवा, काही गाड्यांत चावी बंद केल्यावरही पंखा एकदम सुरू होतो. एसीवर पंखा फिरतो, पण एसी बंद करून काटा चढला तरी फिरत नाही, तर तापमानाचा सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. दोन्ही वेळा ढिम्म असेल तर आधी फ्यूज, मग रिले, म्हणजे पंख्याला वीज जोडणारा स्विच. रिले बघायची सोपी रीत म्हणजे त्याच नंबरचा दुसरा रिले फ्यूजच्या डब्यातून काढून तिथे लावायचा. तरीही नाही फिरला, तर गाडी बंद करून, चावी काढून, आणि पंखा एकदम सुरू होऊ नये म्हणून त्याचा वायरचा प्लगही काढून, पात्याला बोटाने हलकं फिरवून बघा. जड लागलं तर मोटर जाम होत आली. पातं मोकळं आहे, आणि प्लग परत लावून, इंजिन-एसी सुरू करून, हात पात्यापासून लांब ठेवत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने मोटरच्या अंगावर दोन टिचक्या दिल्यावर पंखा सुरू झाला, तर मोटरला आत वीज पोचवणारे कार्बन झिजलेत. असा पंखा आज फिरेल, उद्या भरचौकात बंद पडेल. मोटर बदलूनच टाका.

पंखा जोरात फिरतोय आणि तरीही काटा चढतोय? मग जाळी बघा. ही गोष्ट फार जणांच्या नजरेतून सुटते. पुढून दिसते ती एसीच्या कंडेन्सरची जाळी, रेडिएटर तिच्या मागे असतो. पुढची जाळी स्वच्छ दिसते आणि दोघांच्या मधल्या फटीत मात्र धूळ, किडे आणि कापसाचे तंतू यांचा गच्च थर बसलेला असतो. जिनिंगच्या रस्त्याने ज्यांची रोज ये-जा आहे त्यांनी टॉर्च लावून ती फट जरूर बघावी. इंजिन थंड असताना, इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला साध्या पाइपने पाणी मारा. वॉशिंगच्या गनने जवळून मारलं तर पातळ पत्रे वाकतात आणि हवेची वाटच बंद होते.

हवेचं सगळं ठीक निघालं तर पाण्याकडे वळा. काटा मधल्या खुणेच्या थोडासाच वर असताना न्यूट्रलमध्ये मिनिटभर हलकी रेस धरा. काटा उतरला तर कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं खास पाणी, कमी आहे, पंपाचा पट्टा घसरतोय किंवा ते पाणी फिरवणारा वॉटर पंप कमजोर आहे, कारण पंप इंजिनाच्या वेगाने फिरतो. पण हे विजेच्या पंख्याच्या गाडीलाच लागू. जुन्या जीपगाड्यांत पंखाही पट्ट्यावर असतो, त्यामुळे रेस दिली की तोही जोर धरतो आणि ही परीक्षा तिथे फसते.

कूलंटऐवजी बोअरचं पाणी घालत जाऊ नका. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. आणि थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नव्हे. तो बिघडला तर बहुधा पळत्या गाडीतही काटा चढतो.

रस्त्यात काटा लालकडे निघाला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण जोरात ठेवा. या उन्हात हीटर नको वाटेल, पण इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने निघते. तरीही काटा थांबला नाही तर कडेला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण उघडू नका, आतलं पाणी दाबाखाली असतं आणि उघडताच उसळून तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, तडकतं. पूर्ण निवू द्या, मगच कूलंट बघा.

निवल्यावर ऑइलच्या झाकणाखाली दुधट फेस दिसला, किंवा गरम इंजिनातही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला, तर हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेल्याची शंका घ्या. मग गाडी चालवत नेऊ नका, टोचन करूनच गॅरेजला आणा.

नमस्कार.