ओहोटीवरचं जहाज

नमस्कार श्रोतेहो.

दाभोळच्या खाडीत ओहोटी लागली होती. तांडेलानं इंजिन बंद केलं आणि होडी आपसूक समुद्राकडे निघाली. कडेला आंब्याचं एक पिवळं पान तरंगत होतं. काठावरचे माड मागे मागे जात होते, पान मात्र शेवटपर्यंत माझ्या हाताशीच. पाण्याच्या हिशेबानं आमची होडी हललीच नव्हती. पाणीच आम्हाला घेऊन चाललं होतं.

विज्ञानकथेतलं प्रकाशाहून वेगवान जहाज, ज्याच्या इंजिनाला ‘वॉर्प ड्राइव्ह’ म्हणतात, ते मला त्या पानामुळे कळलं.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. अवकाशातून धावणारी कुठलीही वस्तू ही हद्द ओलांडत नाही, हा आइन्स्टाइन यांचा १९०५ सालचा सिद्धांत. पण त्यांच्याच १९१५ च्या सिद्धांतात अवकाश स्वतः ताणलं जातं, आकसतं, आणि त्याला ही हद्द लागू नाही. मेक्सिकोचे मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये त्यावरच गणित मांडलं. जहाजापुढचं अवकाश आकसवायचं, मागचं फुगवायचं. मधल्या बुडबुड्यात जहाज निवांत, त्या पानासारखं. आतल्या माणसाला साधा हिसकाही बसत नाही.

मला मात्र वेगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं मोल वाटतं. माझे वडील मालवाहू जहाजावर होते. रात्री भांडी आवरली की आई पदराला हात पुसायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरची एक तारीख पेन्सिलीनं खोडायची. प्रकाशाच्या ९९.५ टक्के वेगानं गेलेला खलाशी स्वतःची ४ वर्षं काढून परतेल, तेव्हा घरी ४० वर्षं सरलेली असतील. जेटीवर त्याची वाट बघत कोण उभं असेल? बुडबुड्यात तसं होत नाही. तिथलं आणि घरचं घड्याळ बरोबरीनं चालतं. मित्र हा तारा ४.३७ प्रकाशवर्षं दूर आहे. प्रकाशाच्या दसपट वेगानं गेलं तर सव्वापाच महिन्यांची वाट, आणि कॅलेंडरवर खोडायचे तेही सव्वापाच महिनेच.

अडचणी थोड्या नाहीत. या बुडबुड्याला ऋण ऊर्जा, म्हणजे रिकाम्या अवकाशाहूनही कमी ऊर्जा लागते. धातूच्या दोन पट्ट्या अगदी जवळ आणल्या तर तिची पुसटशी खूण मिळते, असं डच शास्त्रज्ञ कासिमिर यांच्या १९४८ च्या गणितातून निघतं. जहाजाला तिचे डोंगर लागतील. शिवाय सुकाणूचा प्रश्न आहेच. प्रकाशाहून वेगानं सरकणाऱ्या बुडबुड्याच्या पुढच्या कडेपर्यंत कप्तानाचा इशारा पोचूच शकत नाही. थांबायची सोय कुणीतरी आधीच करून ठेवायला हवी, दोर झेलायला जेटीवर माणूस उभा असतो तशी.

मे महिन्यात आभाळ मोकळं असेल, तर रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला, माडांच्या शेंड्यांलगत दोन ठळक तारे दिसतात. डावीकडचा, जास्त तेजस्वी, तो मित्र. घरातल्या पोरांना अंगणात नेऊन दाखवा.

नमस्कार.