दशांशाचा न्याय आणि साइटचा गट

मित्रहो, रायफल नेमबाजीत एका गोळीला किती गुण द्यायचे, हा वाद आता जवळजवळ मिटला आहे. कागदी टार्गेटच्या काळात छिद्राची कड रेषेला शिवली की नाही यावर खल होई, पंच छिद्रात गेज (मापाचे साधन) घालून निवाडा करीत आणि तो मानावा लागे. आज इलेक्ट्रॉनिक टार्गेट ते काम करते. दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. छर्र्याची कड ठिपक्याला जेमतेम शिवली तर १०.०, आणि तेथून केंद्राकडे दर पाव मिलिमीटरला एक दशांश वाढत गुण १०.९ पर्यंत जातात.

मात्र आलेल्या गुणांचे पुढे काय करायचे, हे नियमावली ठरवते आणि वादाची खरी जागा तीच आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरीचे गुण पूर्णांकात मोजले जात. गगन नारंगने ५९५ गुण मिळवले, पण बरोबरी सोडवताना काउंटबॅकमध्ये, म्हणजे शेवटच्या गोळ्यांपासून मागे मोजत केलेल्या तुलनेत, तो मागे पडला, नववा आला आणि आठ जणांच्या अंतिम फेरीबाहेर राहिला. ५९६ गुणांचा अभिनव बिंद्रा आत आला, तो फिनलंडच्या हेन्री हाक्किनेनपेक्षा दोन गुणांनी मागे राहून, कारण त्या वेळी पात्रतेचे गुण अंतिम फेरीत जमेस धरत. शेवटच्या गोळीपूर्वी दोघे बरोबरीत होते; बिंद्राने १०.८ मारला, हाक्किनेनने ९.७.

२०१३ पासून एअर रायफलच्या पात्रता फेरीत दशांश आले, आणि अंतिम फेरी शून्यापासून सुरू होऊ लागली. यांतला पहिला बदल मला पूर्णपणे न्याय्य वाटतो. दुसऱ्याने खेळ प्रेक्षणीय झाला, पण दिवसभर कमावलेली आघाडी पुसली गेली. कोल्हापूरकरांसमोर हे बोलणे धाडसाचेच, कारण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरचाच स्वप्नील कुसाळे ५९० गुणांसह सातव्या क्रमांकावर अंतिम फेरीत आला, तर पहिल्या क्रमांकावरील लिउ युकुनचे ५९४ होते. तो चार गुणांचा फरक शून्यापासूनच्या सुरुवातीने मिटला आणि स्वप्नीलने कांस्यपदक जिंकले. त्याच्या थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे झोपून आणि उभे राहून नेमबाजीच्या) प्रकारात पात्रता फेरी पॅरिसमध्येही पूर्णांकांवरच झाली, म्हणजे तेथे १०.० आणि १०.९ दोन्ही दहाच. बरोबरी झाली तरच आतल्या, म्हणजे केंद्राच्या अगदी जवळच्या, दहांची मोजणी. एकाच खेळाच्या दोन प्रकारांत दोन मापे का असावीत, याचे पटणारे कारण मला सापडलेले नाही.

साहित्याबाबत नियम आणखी बारीक आहेत. एअर रायफल साडेपाच किलोपेक्षा जड नको, नेमबाजाच्या जॅकेटचे कापड अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको, शिवाय ते किती ताठ आहे हेही यंत्रावर तपासले जाते. किमतीला मात्र कसलीच मर्यादा नाही. परदेशी बनावटीची चांगली रायफल काही लाखांच्या घरात जाते.

आपल्याकडे यावर साइटवरून, म्हणजे रायफलीवरील नेम धरण्याच्या साधनावरून, ओपन साइट आणि पीप साइट असे वेगळे गट हा उतारा काढला गेला. ओपन साइटमध्ये मागची खाच, पुढचा काटा आणि टार्गेट या तिन्हींचा मेळ डोळ्याने घालावा लागतो. पीप साइटमध्ये मागच्या बारीक छिद्रातून पाहिले की पुढचे कडे आणि काळे वर्तुळ बऱ्याच अंशी आपोआप एककेंद्री दिसतात. नवशिक्यासाठी ओपन साइटचा गट चांगलाच आहे. पण गट साइटवरून ठरला की रायफलीची किंमत मोकळी राहते, आणि महागड्या रायफलीवर साधी साइट बसवणाऱ्यासमोर क्लबची जुनी रायफल घेतलेला मुलगा एकाच यादीत उभा राहतो. शिवाय ऑलिंपिकमध्ये ओपन साइट हा प्रकारच नाही, त्यामुळे या गटात चमकलेल्या मुलाला पुढे जायचे तर पीप साइट घ्यावीच लागते, आणि पैशाचा प्रश्न सुटत नाही, फक्त लांबणीवर पडतो.

याउलट पॅरा नेमबाजीत गटाची रेषा गरजेवरून आखली आहे. ज्याचे हात रायफलीचा भार पेलू शकत नाहीत, तो एसएच-२ गटात स्प्रिंगच्या स्टँडवर रायफल टेकवतो; एसएच-१ मधील अवनी लेखरा ती स्वतः पेलते. आधी अडचण पाहिली, साहित्य नंतर ठरवले. जिल्हा पातळीवरही ओपन साइटचा गट पाडताना साइटसोबत रायफलीच्या किमतीची कमाल मर्यादा घालावी, आणि ती तपासणी निकालानंतर तक्रार आल्यावर नव्हे, तर नाव नोंदवतानाच व्हावी, अशी माझी सूचना आहे.