शून्य मिलिमीटर

[दृश्य : मोकळं मैदान, तारेचं कुंपण, मधोमध उंच मनोरा. आभाळ भरलेलं.]

पाऊस पडतोय. आसपासच्या चार स्वयंचलित हवामान केंद्रांनी दुपारपासून तीस-चाळीस मिलिमीटर नोंदवलाय. या पाचव्या केंद्रावरून मात्र दर पंधरा मिनिटांनी एकच आकडा येतो : ०.०. संदेश वेळेवर येतोय, बॅटरी भरलेली आहे, तापमानही पटण्यासारखं आहे. यंत्र चालू आहे, फक्त पाऊस मोजत नाहीये.

त्यापेक्षा बंद पडलेलं केंद्र परवडतं. तक्त्यात रिकामी चौकट दिसते आणि कुणीतरी दुरुस्तीला निघतं. शून्य फसवं असतं. कोरडा दिवसही शून्य सांगतो आणि पर्जन्यमापकाचं तुंबलेलं नरसाळंही.

[दृश्य : दुसरा दिवस, लख्ख ऊन. तंत्रज्ञ पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलून बाजूला ठेवतात.]

भोकाशी पाहा. सुकलेलं पान, पाखरांची विष्ठा आणि वरून कोळ्यानं विणलेलं जाळं. एवढ्यानं अख्खा पाऊस अडला. नरसाळ्याखाली झुलणारी जोडवाटी आहे. एक वाटी भरली की भारानं कलते, रिकामी होते, आणि दुसरी धारेखाली येते. दर टकटकीला लॉगर (नोंद ठेवणारं यंत्र) एक आकडा पुढे सरकतो. नरसाळ्याचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं आणि एक टकटक ०.२ मिलिमीटरची असेल, तर वाटी कलायला लागतं फक्त ४ मिलिलिटर पाणी. तळाला गाळ बसला, तर ती त्याआधीच कलते आणि पाऊस फुगतो.

पुसून झालं की परीक्षा. ४०० मिलिलिटर पाणी मोजून घ्यायचं, बारीक धारेनं सोडायचं आणि कान देऊन बसायचं. शंभर टकटकी आल्या पाहिजेत. घाईनं ओतलं, तर वाटी कलत असतानाच वरचं पाणी निसटतं आणि मोजणी कमी भरते. मुसळधार पावसातही नेमकं हेच होतं. आणि हो, आधी लॉगरची वायर काढायला विसरलात, तर भर उन्हात २० मिलिमीटर पाऊस मुख्यालयात पोचतो! या कामात मुरलेल्या माणसानं असा एखादा पाऊस पाडलेला असतोच.

[दृश्य : मनोऱ्याच्या टोकावर फिरणारे तीन कप.]

वाऱ्याचं दुखणं हळूहळू वाढतं. तो जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजायचा, असा संकेत आहे. तिथल्या कपांचं बेअरिंग झिजलं की मंद झुळुकीला ते जागचे हलत नाहीत. खाली गवत डोलत असतं आणि नोंदीत वारा पडलेला. म्हणून तंत्रज्ञ कप उतरवतात, बोटानं फिरवतात, कानाशी धरतात. खरखर ऐकू आली की बेअरिंग बदलायचं. दिशादर्शक पुन्हा बसवताना आणखी एक मेख असते : त्याची उत्तर ही भौगोलिक उत्तर असते. होकायंत्राची सुई दाखवते ती वेगळी, दोन्हींतला फरक जागेनुसार बदलतो.

बाकीची कामं किरकोळ, पण चुकवून चालत नाहीत. सौर पॅनेलवरची धूळ, जोडपेटीतल्या मुंग्या, उंदरानं कुरतडलेली केबल. तापमापकाभोवतीच्या पांढऱ्या तबकड्या मळल्या की ऊन शोषतात आणि दिवसाचं तापमान उगाच चढतं. आर्द्रतेचा सेन्सर तर जागीच दुरुस्त करत बसू नये. जुना काढायचा, प्रयोगशाळेत तपासलेला लावायचा.

[दृश्य : तंत्रज्ञ मांडीवर नोंदवही घेऊन लिहीत आहेत.]

या वहीला कमी लेखू नका. १३ सप्टेंबर १९२२ रोजी लिबियातल्या अल अझिझिया इथं ५८ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं. पुढची ९० वर्षं तो जगातल्या उष्णतेचा विक्रम होता. २०१२ साली जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द ठरवला. तपासात जुनी नोंदपत्रकं उपयोगी पडली : निरीक्षक नवखा होता आणि वापरायला अवघड असलेला तापमापक त्यानं बहुधा चुकीचा वाचला. चूक सुमारे सात अंशांची होती. ती पत्रकं जपली नसती, तर शोधायचं कुठे?

म्हणून आजच्या पानावर सगळं येतं. नरसाळं किती वाजता उघडलं, टकटकी किती आल्या, कोणत्या क्रमांकाचा सेन्सर काढला, कोणता लावला. कालचं शून्य खोडायचं नाही, त्यापुढे ‘संशयास्पद’ अशी खूण करायची.

शेवटी तंत्रज्ञ कुंपणाबाहेरच्या एका झाडाकडे वळतात. केंद्र उभारलं तेव्हा ते रोपटं होतं. पर्जन्यमापकापासून अडथळा त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा, चौपट असला तर उत्तम. वाऱ्यासाठी दहापट. ते झाडापर्यंतचं अंतर टेपनं मोजतात, उंचीचा अंदाज घेतात आणि वहीत लिहितात : ‘पूर्वेचं झाड, दुपटीच्या आत आलं.’

[दृश्य : फाटकाला कुलूप. गाडी पुढच्या केंद्राकडे निघते.]