आधी आजार, मग गाणी, मग बँड

आत्ता आपण जे ऐकलं ना, बेल अँड सेबॅस्टियन या बँडचं 'द स्टार्स ऑफ ट्रॅक अँड फील्ड', ते सुरू झालं तेव्हा मागच्या रांगेतून काही जणांनी आवाज वाढवा म्हणून खूण केली, आणि मी वाढवला नाही, कारण हे गाणं सुरूच असं होतं, एक माणूस जवळजवळ कुजबुजतोय, खाली गिटार, बस. मग हळूहळू ड्रम्स येतात, ऑर्गन येतो, ट्रम्पेट येतं आणि संपताना खोली भरलेली असते. १९९६ चं गाणं आहे हे. ब्रिटनमध्ये तेव्हा ओएसिस आणि ब्लर या बँडचा जमाना, भिंती हलतील एवढा गिटारचा आवाज, आणि त्यात स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची ही सात-आठ पोरंपोरी इतकं हळू वाजवत होती. आज मला एवढंच सांगायचंय की हा हळू आवाज कुठून आला आणि पुढे तो मोठा कसा झाला, कारण माझं ठाम मत आहे की बेल अँड सेबॅस्टियनची सगळी कारकीर्द या एका गोष्टीत आहे.

बँडचा गायक आणि गाणी लिहिणारा स्टुअर्ट मर्डॉक, जन्म १९६८, स्कॉटलंडमधल्या एअर गावचा. ग्लासगो युनिव्हर्सिटीत शिकायला आला आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याला एमई झाला, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोम. हा नुसता थकवा नव्हे. थोडं काही केलं की शरीर पार कोलमडतं आणि झोप काढूनही ते भरून येत नाही. जवळपास सात वर्षं हा माणूस कामधंदा करू शकला नाही. त्या वयात मित्र नोकऱ्या धरतात, प्रेमात पडतात, गाव सोडतात, आणि हा घरात बसून खिडकीतून बाहेर बघतोय. मधे एकदा ऊन मिळेल, बरं वाटेल म्हणून कॅलिफोर्नियालाही जाऊन आला. गाणी लिहायला लागला ती या काळात, पियानोवर, गिटारवर, जेवढा वेळ अंगात ताकद असेल तेवढाच.

आता त्या गाण्यांमध्ये कोण असतं बघा. शाळेत एकटी पडलेली मुलगी, बसमधून फिरणारा पोरगा, चर्चमध्ये जाऊन गोंधळून परत येणारा कुणीतरी, खेळात नंबर काढणारी देखणी मुलं आणि त्यांच्याकडे लांबून बघणारा एक जण. ही सगळी माणसं बाजूला बसून बघणारी आहेत. आणि त्यांच्याबद्दल तो लिहितो तेव्हा त्यात रडगाणं नसतं, गोष्ट असते, तीही भरभर पुढे सरकणारी. आपल्याकडे भावगीत माईकमुळे शक्य झालं, गळा फेकायची गरज उरली नाही, शब्द कानापाशी येऊन सांगता आला, तसंच मर्डॉकचं गाणं आहे, शब्द आधी आणि बाकी सगळं त्याच्यामागे. मला वाटतं त्याच्याकडे ओरडायला ताकदच नव्हती, म्हणून त्याने न ओरडता ऐकू जाईल असं लिहायला शिकून घेतलं.

ग्लासगो हे शहरही लक्षात घ्या. १९८० च्या सुमारास तिथे पोस्टकार्ड रेकॉर्ड्स नावाची छोटी कंपनी निघाली होती, ऑरेंज ज्यूस वगैरे बँड, लंडनला न जाता घरच्या घरी रेकॉर्ड काढायची हिंमत त्यांनी दाखवली होती आणि ती त्या शहरात मुरली होती. मर्डॉक जरा हिंडाफिरायला लागल्यावर बेकार म्युझिशियन्ससाठीच्या एका सरकारी कोर्सला जायला लागला, बीटबॉक्स नाव त्याचं, तिथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड भेटला, पुढे बँडचा बेस वाजवणारा. दोघांनी मिळून डेमो केले, म्हणजे नमुन्याची कच्ची रेकॉर्डिंग्ज. ते स्टो कॉलेजात पोचले, आणि तिथे म्युझिक बिझनेसच्या कोर्समधली मुलं दरवर्षी अभ्यासाचा भाग म्हणून खरीखुरी एक रेकॉर्ड काढायची, त्या लेबलचं नाव इलेक्ट्रिक हनी. एरवी ते सिंगल काढायचे, म्हणजे एक-दोन गाण्यांची रेकॉर्ड. इथे गाणी एवढी होती की अख्खा अल्बमच करायचं ठरलं.

आणि बँड कुठाय? बँड नव्हताच! मर्डॉकने तो घाईघाईने गोळा केला. गिटारला स्टीव्ही जॅक्सन, कीबोर्डला क्रिस गेडिस, ड्रम्सला रिचर्ड कोलबर्न, चेलोला इझोबेल कॅम्पबेल, आणि ट्रम्पेटला मिक कूक आधी पाहुणा म्हणून आला. व्हायोलिनवाली सारा मार्टिन थोडी नंतर आली. ग्लासगोच्या काव्हा स्टुडिओत आठवड्याच्या आत 'टायगरमिल्क' रेकॉर्ड झाला, जून १९९६ मध्ये निघाला, फक्त व्हायनलवर, म्हणजे तबकडीवर, फक्त १००० प्रती. पुढे लोकांनी त्या प्रतींना शेकडो पौंड मोजले, आणि १९९९ मध्ये पुन्हा काढेपर्यंत बहुतेक लोकांनी तो कॅसेटवर कॉपी करून, कॉपीवरून कॉपी करूनच ऐकलेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुसरा अल्बम, 'इफ यू आर फीलिंग सिनिस्टर', जीपस्टर या नवीन लेबलवर. मेकिंग म्हणून विचाराल तर यातलीच गंमत मला सगळ्यात जास्त भावते. हे लोक एका खोलीत बसून एकत्र वाजवायचे. आता असं करताना काय होतं, ड्रम्स जोरात वाजवले तर गाणाऱ्याचा आवाज बुडतो, चेलोच्या माईकमध्येही ड्रम्स शिरतात, म्हणून सगळे आपोआप गाणाऱ्याच्या आवाजाच्या पातळीला येऊन वाजवतात. म्हणजे बँडमधला सगळ्यात कमी ताकदीचा माणूस सगळ्यांचा व्हॉल्यूम ठरवतो. मग जागा राहते, त्या जागेत ट्रम्पेटची एक छोटी ओळ, रेकॉर्डर नावाच्या छोट्या बासरीचे चार सूर, टाळ्या, आणि एवढ्यानेही गाणं उजळतं. 'ज्युडी अँड द ड्रीम ऑफ हॉर्सेस' नंतर ऐकवतो, त्यात हे लख्ख कळतं. अर्थात या पद्धतीची किंमतही आहे, आवाज बारीक येतो, सपाट येतो. मर्डॉकचं स्वतःचंही म्हणणं हेच होतं की गाणी उत्तम पण रेकॉर्डिंग नाही, आणि म्हणून २००५ मध्ये लंडनच्या बार्बिकन सभागृहात त्यांनी हा अख्खा अल्बम लाइव्ह वाजवून पुन्हा रेकॉर्ड केला. त्या रेकॉर्डचे पैसे त्या वर्षीच्या काश्मीरच्या भूकंपाच्या मदतीला गेले.

सुरुवातीच्या काळात बँड मुलाखती टाळायचा, फोटो द्यायचा नाही, कव्हरवर एका रंगात बुडवलेला ओळखीच्या कुणाचा तरी फोटो. लोकांना वाटलं हे मुद्दाम गूढ वागतायत. मला तसं नाही वाटत. मर्डॉक तेव्हा ग्लासगोमध्ये एका चर्चच्या हॉलच्या वर राहायचा, हॉलची देखभाल करायचा, चर्चमध्ये कोरसला गायचा, पुरता बरा झालेला नव्हता, महिनोन्महिने व्हॅनमधून टूर करणं त्याला झेपणारच नव्हतं. मग गाणी लोकांपर्यंत जाणार कशी? १९९७ मध्ये त्यांनी एकामागोमाग तीन ईपी, म्हणजे अल्बमपेक्षा छोट्या रेकॉर्ड काढल्या, अल्बममधलं गाणं सिंगल म्हणून पुन्हा विकायचं नाही हा नियम त्यांनी बरीच वर्षं पाळला, आणि शो केले तेही जमेल तेव्हा, बऱ्याचदा चर्च, हॉल अशा ठिकाणी जिथे हळू आवाज टिकतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये ब्रिट अवॉर्ड्स या ब्रिटनच्या मोठ्या संगीत पुरस्कारांमधलं नवोदितांचं बक्षीस त्यांना मिळालं, स्टेप्ससारख्या चार्टवर गाजणाऱ्या ग्रुपला मागे टाकून, मतदान लोकांचं होतं आणि विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून भरभरून मतं दिली, त्यावरून पेपरात आरडाओरडही झाली. दोन महिन्यांनी त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावर कँबर सँड्सच्या एका हॉलिडे कॅम्पमध्ये स्वतःचा फेस्टिव्हल भरवला, बोली वीकेंडर, आणि त्यातूनच पुढे ऑल टुमॉरोज पार्टीज हा फेस्टिव्हल उभा राहिला.

मधला काळ मी भरभर सांगतो. १९९८ आणि २००० च्या अल्बममध्ये बाकीचेही लिहायला, गायला लागले, काही गाणी चांगली, काही विस्कळीत. २००० मध्ये स्टुअर्ट डेव्हिड गेला, २००२ मध्ये इझोबेल कॅम्पबेल गेली. बँड मोडेल असंच वाटत होतं.

आणि मग २००३, 'डिअर कॅटास्ट्रॉफी वेट्रेस', रफ ट्रेड लेबलवर, प्रोड्युसर कोण तर ट्रेव्हर हॉर्न! फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडची ती भव्य, चकचकीत रेकॉर्डिंग्ज करणारा माणूस. जुन्या फॅन्सना हे पचलं नाही, अजूनही पुष्कळ जण म्हणतात की खरा बँड पहिल्या दोन अल्बमचा, पुढचं सगळं पॉप. इथे माझं त्यांच्याशी भांडण आहे आणि ते मी मनापासून करतो. अहो, ज्या माणसाला जिना चढायला त्रास व्हायचा तो आता स्टेजवर नाचतोय, प्रेक्षकांना वर बोलावून त्यांच्याबरोबर नाचतोय, आणि तुम्ही म्हणता त्याने पुन्हा खिडकीत बसून गावं? हॉर्नने त्यांच्यावर काही लादलं नाही, प्रत्येक वाद्य नीट वेगळं ऐकू येईल असं केलं, स्ट्रिंग्ज, हॉर्न्स, एकावर एक गळे, आणि तेव्हा कळलं की हे लोक किती भारी वाजवणारे आहेत. सोल म्युझिकचं वेड, साठच्या दशकातल्या पॉपचं प्रेम हे सगळं 'टायगरमिल्क'मध्येही होतंच, फक्त तेव्हा शरीर साथ देत नव्हतं. पुढचा 'द लाइफ परस्यूट', २००६, लॉस एंजेलिसमध्ये प्रोड्युसर टोनी हॉफरबरोबर केला, तो ब्रिटनच्या चार्टवर पहिल्या दहात गेला, आणि त्याच वर्षी हे लोक हॉलिवूड बोल या खुल्या थिएटरमध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर वाजले.

आजार मात्र कायमचा गेलेला नाही, अधूनमधून परत येतो, आणि मर्डॉकने तो लपवलेलाही नाही. २०१५ चा अल्बम ज्या गाण्याने उघडतो ते 'नोबडीज एम्पायर' थेट त्या सात वर्षांवर आहे. वीस वर्षं त्याने त्या काळात लिहिलेली माणसं गायली, आणि त्या काळाबद्दल उघडपणे गायला एवढा वेळ घेतला. आणि चाल कशी आहे? ठेका धरायला लावणारी, मोठी, खुल्या गळ्याने गायलेली.

२०२० मध्ये पुन्हा कॅलिफोर्नियाला जाऊन रेकॉर्ड करायचं ठरलेलं, पण कोविड आला. मग ग्लासगोतल्या स्वतःच्या प्रॅक्टिसच्या जागेचाच त्यांनी स्टुडिओ केला आणि 'अ बिट ऑफ प्रीव्हियस' २०२२ मध्ये निघाला, २००० नंतर पहिल्यांदाच अख्खा अल्बम घरच्या गावात. गाणी एवढी झाली की जानेवारी २०२३ मध्ये दुसरा अल्बम, 'लेट डेव्हलपर्स'. हे दोन्ही मला सगळेच्या सगळे आवडत नाहीत, काही ठिकाणी सिंथेसायझर फार गोड झालाय, पण सारा मार्टिन आणि स्टीव्ही जॅक्सन गातात तिथे बँड किती मोकळा झालाय ते ऐकू येतं.

चला, आता आधी 'ज्युडी' लावतो आणि लगेच पाठोपाठ 'नोबडीज एम्पायर', व्हॉल्यूमला हात न लावता. मग प्रश्न घेऊ.