दगड, फाल्कन आणि कमोडोर

श्रोतेहो, नमस्कार. टूरिंग कारची शर्यत म्हणजे खास शर्यतीसाठी घडवलेल्या गाड्यांची नव्हे, तर दुकानात मिळणाऱ्या गाडीत सुधारणा करून लावलेली शर्यत. १९८०च्या दशकातील ऑस्ट्रेलियात या शर्यतींमुळे माणसांचे दोन तट पडले होते: एक फोर्ड कंपनीच्या फाल्कन गाडीवाल्यांचा आणि दुसरा होल्डन कंपनीच्या कमोडोर गाडीवाल्यांचा.

या वैराचे रणांगण होते सिडनीच्या पश्चिमेला असलेल्या बाथर्स्ट गावाजवळचे माउंट पॅनोरमा. सहा किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा हा डोंगरी रस्ता एरवी रहदारीसाठी खुला असतो आणि ऑक्टोबरात त्याच्यावर हजार किलोमीटरची शर्यत होते. घाटात गाडी चालवलेल्या श्रोत्यांना आंधळ्या वळणाची धास्ती मी समजावून सांगायला नको.

५ ऑक्टोबर १९८० रोजी क्वीन्सलंड राज्याचा शर्यतपटू डिक जॉन्सन आपली निळी फाल्कन घेऊन तेथे उतरला. मोठ्या कारखान्याचे पाठबळ नसलेल्या या माणसाने आपली सारी पुंजी त्या एका गाडीत ओतली होती आणि तरीही होल्डनच्या पीटर ब्रॉकला मागे टाकून तो आघाडीवर होता. अठराव्या फेरीत, चढावरच्या वळणातून बाहेर पडताच, त्याला एका बाजूला बंद पडलेली गाडी ओढणारा ट्रक आणि दुसऱ्या बाजूला फुटबॉलएवढा दगड दिसला. होय, दगड! ट्रक चुकवताना फाल्कन त्या दगडावर गेली आणि भिंतीवर आदळून निकामी झाली. शर्यत ब्रॉकने जिंकली, परंतु दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर सर्वस्व गेलेला जॉन्सन बोलू लागला तेव्हा त्याचा गळा दाटून आला आणि पाहणारे लोक फोन करून पैसे देऊ लागले. (खेळाडूने हसतमुखानेच हरावे, हा आग्रह मला नेहमीच निर्दय वाटत आला आहे.) वचन दिलेली रक्कम ७० हजार डॉलरच्या वर गेली, तेव्हा हेन्री फोर्ड यांचे पणतू एडसेल फोर्ड दुसरे यांनी कंपनीतर्फे तेवढीच भर घालण्याचे जाहीर केले. पुन्हा सांगतो, लोकांनी जेवढे दिले, तेवढेच कंपनीने दिले.

त्या पैशांतून नवी फाल्कन उभी राहिली. १९८१ साली जॉन्सनने राष्ट्रीय विजेतेपद पटकावले आणि ऑक्टोबरात जॉन फ्रेंचच्या साथीने बाथर्स्टही जिंकले. अपघाताने रस्ता अडल्यामुळे ती शर्यत वेळेआधी थांबवावी लागली होती, तरी आघाडी जॉन्सनचीच होती.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण वेळ संपत आली आहे. १९८५पासून ऑस्ट्रेलियाने ‘ग्रुप ए’ हे आंतरराष्ट्रीय नियम स्वीकारले. गाडीचे वर्षाला किमान ५,००० नग तयार झालेले असावेत, ही त्यांतील मुख्य अट. सुधारित आवृत्तीसाठी मात्र ५०० नग पुरत. त्याच वर्षी बारा सिलिंडरच्या जॅग्वारने बाथर्स्ट जिंकले आणि मग बीएमडब्ल्यू, व्होल्व्हो, निस्सान यांचीही चुरस रंगली. फोर्डने सिएरा आरएस ५०० आणली. तिचे इंजिन होते अवघे दोन लिटरचे, चार सिलिंडरचे, पण टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्रामुळे, ते मोठमोठ्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरच्या, इंजिनांना भारी पडे. मला विचाराल, तर व्ही-८चा खर्ज ऐकल्यावर टर्बोची शीळ कानाला पोरकीच वाटते. जॉन्सनला मात्र त्याचे काही वाटले नसावे. त्याच सिएरातून त्याने १९८८ आणि १९८९ अशी दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि १९८९ साली जॉन बोच्या साथीने बाथर्स्टही पुन्हा जिंकले.