नट खयचो? काजूचो, पान्याचो का दशावतारातलो?

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? नाही येत? मग माइक राहू दे बाजूला, मी जरा ओरडूनच बोलतो, हायस्कुलात बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय त्यामुळे ओरडायची सवय आहे. वाचनालयाच्या मंडळींनी सांगितलं सर काहीतरी हलकंफुलकं बोला, लोक दिवसभर काजीखाली बिया वेचून दमून येतात, तर मी म्हटलं ठीक आहे, मग त्या बीवरच बोलतो. एकच इंग्रजी शब्द घेतलाय, तीन अक्षरांचा. नट. वेंगुर्ल्यात बसून नट या शब्दावर बोलायचं नाही तर मग कुठे बोलायचं?

सुरुवात माझ्या फजितीने करतो. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, शाळेचं गॅदरिंग, सामानाची यादी माझ्याकडे आली. आता इंग्रजीचा मास्तर, यादी मराठीत लिहिली तर रुबाब कसला, म्हणून सगळी इंग्रजीत लिहिली. सुतळी, खिळे, बल्ब, रंगीत कागद आणि शेवटची ओळ नट्स एक किलो, म्हणजे नाटकातल्या पोरांना शिरा करायचा होता त्यात घालायला काजू. नववीतला एक मुलगा यादी घेऊन गेला, वरती सुतळी खिळे बघून तो सरळ हार्डवेअरच्या दुकानात शिरला आणि दुकानदाराने पण काही न विचारता मिळतील त्या साइजचे किलोभर लोखंडी नट मोजून दिले, त्याला वाटलं शाळेची बाकं दुरुस्त करतायत. आमच्या शिपायाने पिशवीत डोकावून पाहिलं आणि मला म्हणाला, "गुरुजीनू, तुमका खयचो नट व्हयो होतो? काजूचो, पान्याचो का दशावतारातलो?"

शिरा त्या वर्षी बेदाण्यांवर भागवला. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

दशावतारातला नट हा आपला, संस्कृतातून आलेला, त्याचा इंग्रजी नटशी काही संबंध नाही, नटणं नाटक नटी हे सगळं त्याच घरातलं. नुसता आवाज सारखा. पण काजूचा नट आणि पान्याचा नट हे मात्र एकाच आईचे. जुन्या इंग्रजीत ह्नुतु असा काहीतरी उच्चार होता, लॅटिनमध्ये नक्स, आणि त्या नक्सपासून न्यूक्लिअस झाला, म्हणजे मुळात बीच्या आतला छोटा गर. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ साली पेशीच्या मधल्या ठिपक्याला तो शब्द वापरला, पुढे अणूच्या मध्यालाही तोच चिकटला. म्हणजे वर्तमानपत्रात रोज न्यूक्लिअर न्यूक्लिअर वाचता ना, त्याच्या मुळाशी गरच बसलाय.

आता मला खरं जे सांगायचंय ते हे, की इंग्रज माणूस कवच बघतो आणि आपण आतला माल कुठल्या स्टेजला आहे ते बघतो. बाहेरून टणक, मुठीत मावेल असं, आत काहीतरी, झाला नट. आपल्याकडे बघा, झाड ती काजी, फळ तो बोंडू, खाली लोंबते ती बी, कोवळी असताना फोडली तर ओले काजूगर, वाळवून भाजून सोलली तर गर, दोन भाग झाले तर पाकळी, आणखी मोडला तर तुकडा. नारळाचं तर विचारूच नका, शहाळं, अडसर, नारळ, खोबरं, गोटा, आणि वरचं सोडण, काथ्या, करवंटी वेगळीच. इंग्रजीत कोकोनट म्हणायचं आणि पुढे टेंडर नाहीतर ड्राय चिकटवायचं, संपलं. कोप्रा आणि कॉयर हे दोन बरे शब्द आहेत त्यांच्याकडे, ते पण मल्याळममधून उचललेले.

कोकोनटमधला कोको हा पोर्तुगीज, कोको म्हणजे पोरांना भीती दाखवायचा बागुलबुवा. नारळ सोलला की तीन डोळे दिसतात ना, ते बघून खलाशांना ते तोंड वाटलं. आपण पण त्यांना डोळेच म्हणतो, पण आपल्या पोरांना त्याची कधी भीती वाटली नाही, त्यांना एवढंच माहीत की तिन्हीतला मऊ डोळा कुठला आणि काडी कुठून घालायची.

काजूच्या कारखान्यात जाऊन बघा म्हणजे इंग्रजीची अडचण कळेल. बी वाफवतात, वाळवतात, मग फोडणीला येते. बाई मशीनवर बसलेली असते, हाताला तेल चोपडलेलं, बी दोन पात्यांच्या मध्ये आडवी धरायची, पात्यांना बीसारखाच बाक असतो, पायाने दाबायचं, हाताने दांडा ओढायचा, कटकन आवाज येतो आणि गर टोकदार सळीने अलगद बाहेर. अलगद म्हणजे खरंच अलगद, कारण मोडला की भाव पडला. आणि टरफलातला चीक जिथे लागेल तिथली कातडी जाते, बोटं काळी होतात ती महिना महिना तशीच. त्या टरफलासकट बीला व्यापारी कागदावर म्हणतात रॉ नट आणि आतल्याला म्हणतात कर्नल. सैन्यातला नव्हे हो. पण तोच कर्नल डब्यात भरून मुंबईला गेला की लेबलवर पुन्हा कॅश्यू नट. म्हणजे फोडणारीचा नट वेगळा आणि खाणाऱ्याचा नट वेगळा, मधल्या मध्ये कवच गेलं तरी नाव तेच.

ग्रेडचं पण सांगतो, दुकानात आपण ३२० द्या, २४० द्या असं म्हणतो, पण हे ३२० काय ते बरेच जणांना माहीत नसतं. एका पौंडात अख्खे गर किती बसतात त्याचा तो आकडा, म्हणून नंबर लहान तेवढा काजू मोठा, १८० म्हणजे राजा. गंमत अशी की नंबर पौंडाचा आणि भाव किलोचा, आणि ह्याचं कोणालाच काही वाटत नाही.

बॉटनीवाले तर आणखी भांडतात. त्यांच्या हिशोबाने बदाम, पिस्ता, नारळ हे नट नाहीतच, ती आंब्यासारखी आठळीची फळं, फक्त आंब्यात आपण वरचं खातो आणि बदामात आठळी फोडून आतलं खातो. शेंगदाणा तर डाळींच्या कुळातला, वाटाण्याचा भाऊ. अमेरिकेत पाकिटावर नट्सची ॲलर्जी लिहावी लागते, तिथे नारळ कितीतरी वर्षं नट म्हणून यादीत होता, २०२५च्या जानेवारीत त्यांच्या अन्न-औषध खात्याने त्याला यादीतून काढला. म्हणजे मराठीत सांगायचं तर नारळालाच नारळ दिला!

हां, हसलात. म्हणजे खाण्याच्या वस्तूला दुसरे अर्थ फुटणं ही काय इंग्रजीची मक्तेदारी नाही. नारळ फोडला तर कामाला सुरुवात, नारळ दिला तर काम संपलं. सुपारी फुटली तर लग्न ठरलं आणि सुपारी दिली तर, जाऊ दे, पोरं बसलीयेत पुढे. त्या सुपारीला इंग्रजीत बीटल नट म्हणतात, आणि बीटल म्हणजे विड्याचं पान, वेट्टिला या मल्याळम शब्दावरून आलेलं, म्हणजे ज्या पानात घालून खातात त्या पानाचं नाव बिचाऱ्या सुपारीला. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवाल्याला सांगून बघा हे. आणि पत्त्यांत ज्याला इंग्रज हृदय म्हणतो त्याला आपण बदाम म्हणतो, आता ह्यात नट्स कोण?

कारण नट्स म्हणजे वेडा, तेवढं सगळ्यांना माहीत असतं. तो अर्थ डोक्यावरून आला, नट म्हणजे बोलीत डोकं, गोल आणि टणक. डोक्यावरून हललेला तो ऑफ हिज नट, मग नुसतं नट्स. आपण म्हणतो ह्याचा नट ढिला झालाय, पण आपण तिथे हार्डवेअरच्या दुकानातून पोचलो. क्रिकेट नट म्हणजे क्रिकेटवेडा, ते आपल्यासारखंच.

पण ह्या शब्दाचा सगळ्यात भारी वापर एका सेनापतीने केला. २२ डिसेंबर १९४४, बेल्जियममधलं बास्टोन गाव, बर्फ पडलेला, अमेरिकन सैन्य चारी बाजूंनी वेढलेलं. जर्मनांनी पांढरं निशाण घेऊन चिठ्ठी पाठवली, शरण या नाहीतर तोफांनी उडवतो. जनरल मॅकॉलिफने वाचलं आणि त्याच्या तोंडून निघालं, नट्स. मग उत्तर काय लिहायचं यावर खल सुरू झाला, तर त्याच्याच एका अधिकाऱ्याने सुचवलं की तुम्ही आत्ता बोललात तेच लिहा, आणि खरंच तेवढाच एक शब्द टाइप करून धाडला. आता जर्मन अधिकाऱ्याला थोडंफार इंग्रजी येत होतं पण हे काय ते कळेना, होकार आहे की नकार? मग चिठ्ठी घेऊन गेलेल्या कर्नलने (हा सैन्यातला) साध्या भाषेत फोडून सांगितलं, खड्ड्यात जा. बाहेरून मदत पोचेपर्यंत बास्टोन काही पडलं नाही. मी हे वर्गात सांगायचो आणि पुढचा आठवडाभर पोरं गृहपाठ विचारला की नट्स म्हणायची.

अजून दोन पटकन सांगतो, चहाचा वास यायला लागलाय. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा शब्दांमधल्या मोकळ्या जागेची दोन मापं होती, एन आणि एम. छापखान्याच्या खडखडाटात दोन्ही सारखंच ऐकू यायचं, म्हणून इंग्रज कामगारांनी एनला नट केलं आणि एमला मटण. जेवणाच्या सुट्टीआधी ठरवलं असणार हे नक्की. आणि दुसरं, सह्याद्रीत कडे चढणारी पोरं फटीत पाचर अडकवतात त्याला नट म्हणतात, ते का, तर पूर्वी ब्रिटिश गिर्यारोहक वेल्समधल्या स्नोडन डोंगराच्या रेल्वे रुळाजवळ पडलेले खरेखुरे लोखंडी नट उचलायचे, त्यात दोरी ओवायचे आणि खडकाच्या फटीत बसवायचे. म्हणजे बघा, बीवरून लोखंडाला नाव आलं आणि लोखंडावरून पाचरीला, खायचं कधीच मागे राहिलं.

काय आजी? बोला बोला. बोंडूक इंग्लिशात काय म्हणतत? कॅश्यू ॲपल म्हणतत. हसा नको, खराच. मुळात तो फळ पण नाही म्हणतात, फुगलेला देठ आहे, खरं फळ ती खालची बी. आजी म्हणतायत ॲपल म्हणा नाहीतर देठ म्हणा, घसो धरता तो धरताच.

चला, चहा आला. बशीत काजू पण आहेत, पण तुकडा आहे हां मंडळी, ३२० वाचनालयाला परवडत नाही.